मेथी टिकते, कोथिंबीर का टिकत नाही?

पुणे-नाशिक रस्त्यावरचे चाकण एके काळी कांद्या-बटाट्यासाठीच ओळखले जाई. आता त्याच्याभोवती मोटारींचे कारखाने उभे राहिले आहेत. पण खेड बाजार समितीचे तेथील मार्केट आजही भरते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तेथे मेथी, कोथिंबीर आणि शेपू यांच्या जुड्यांचे ढीग लागतात. माल फार आला की भाव कोसळतो. न खपलेल्या जुड्या गुरांपुढे टाकून शेतकरी रिकाम्या हाताने परततो. पुढे जून-जुलै उजाडला की तीच कोथिंबीर इतकी महाग होते की भाजीवाल्याकडे चार काड्या फुकट मागण्याची कोणाला हिंमत होत नाही. मग प्रश्न असा, की जानेवारीतला पाला जुलैपर्यंत नेता येईल का?

थंड देशांतील लोकांनाही हा प्रश्न पडतो, पण त्यांचे वेळापत्रक उलटे असते. युरोपात हिवाळा आला की पेशींतील पाणी गोठून पुदिना आणि बेसिल करपतात. त्यामुळे तेथील गृहिणी हिवाळ्यापूर्वीच बाग रिकामी करून पाला सुकवून ठेवते. आपल्या पिंपरी-चिंचवड भागात हिवाळा हा शत्रू नव्हे. उलट पाल्याचा खरा हंगाम तोच. आपला शत्रू पावसाळा. म्हणून आपल्या घरांत पापड, कुरडया, सांडगे यांचे वाळवण पावसाआधी उरकण्याची रीत पडली. पाल्याच्या बाबतीत मात्र चैत्र-वैशाखापर्यंत थांबण्याचे कारण नाही, हे पुढील हिशेबावरून तुमच्या लक्षात येईल.

प्रथम पानात पाणी किती असते ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांचे जे तक्ते प्रसिद्ध केले आहेत, त्यांनुसार ताज्या कोथिंबिरीत आणि मेथीत प्रत्येकी सुमारे ८६ टक्के पाणी असते, पुदिन्यात ८५ टक्के, तर कढीलिंबात केवळ ६४ टक्के. समजा, आपण मेथीची निवडलेली पाने बरोबर १ किलो घेतली. त्यांत पाणी ८६० ग्रॅम आणि बाकीचा घन भाग १४० ग्रॅम. वाळवून पाण्याचे प्रमाण ८ टक्क्यांवर आणायचे असेल, तर १४० ग्रॅम म्हणजे उरलेल्या वजनाचे ९२ टक्के झाले पाहिजेत. म्हणून अंतिम वजन १४० ÷ ०.९२, म्हणजे सुमारे १५२ ग्रॅम. याचा अर्थ ८४८ ग्रॅम पाणी उडवायचे आहे. (पाणी ८६ वरून ८ टक्क्यांवर आले म्हणून ७८० ग्रॅम उडाले, असे उत्तर दर वर्षी काही विद्यार्थी देतात. दोन्ही टक्के वेगवेगळ्या वजनांचे आहेत, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.)

हे पाणी फुकट उडत नाही. आपल्याकडील तापमानाला १ ग्रॅम पाण्याचे बाष्प होण्यासाठी सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. हाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा. ८४८ ग्रॅमसाठी सुमारे २०३५ किलोज्यूल, म्हणजे विजेच्या अर्ध्या युनिटापेक्षा किंचित अधिक. भर दुपारी १ चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला जवळजवळ १ किलोज्यूल सौर ऊर्जा पडते. ती सगळी कामी आली तर चौतीस-पस्तीस मिनिटांत मेथी वाळून जावी! प्रत्यक्षात असे घडत नाही, कारण पानाच्या आतले पाणी बाहेर यायला वेळ लागतो. पानावर मेणचट थर असतो, खुडलेल्या पानाची पर्णरंध्रे मिटतात, आणि मग पाण्याला पेशीपेशींतून विसरणाने वाट काढावी लागते.

पण आजी तर मेथी सावलीत वाळवायला सांगते. सावलीत ही उष्णता कोठून येते? हवेतून. ओल्या पानावरून जाणारी हवा आपली उष्णता पाण्याला देते, स्वतः थंड होते आणि बाष्प घेऊन पुढे जाते. उन्हाळ्यात वाळ्याच्या पडद्यामागे गार का वाटते, याचे उत्तरही हेच.

आता हवा किती बाष्प नेऊ शकते ते पाहू. एप्रिलमधील एखादी दुपार घ्या: तापमान ३६ अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. ३६ अंशांना १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ४२ ग्रॅम बाष्प मावते. त्यातील २० टक्के, म्हणजे साडेआठ ग्रॅमच्या आत-बाहेर, आधीच भरलेले आहे. मग प्रत्येक घनमीटर हवा आणखी ३३ ग्रॅम पाणी उचलेल असे वाटते; पण ते खरे नाही. पाणी उचलता उचलता हवा थंड होत जाते, आणि थंड हवेत बाष्प कमी मावते. प्रयोगशाळेतील ओल्या व कोरड्या फुग्यांचा आर्द्रतामापी अशा दुपारी पाहिला तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे १९ अंश दिसेल. म्हणजे हवा ३६ पासून १९ अंशांपर्यंतच, १७ अंशांनी, थंड होऊ शकते. त्यापुढे ती संपृक्त होते. आपल्या उंचीवर १ घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.०७ किलो असते आणि १ किलो हवा १ अंशाने थंड होताना सुमारे १ किलोज्यूल उष्णता देते. १७ अंशांसाठी साधारण १८ किलोज्यूल. तिला २.४ ने भागा. उत्तर येते सात-साडेसात ग्रॅम. प्रत्येक घनमीटर हवा ३३ नव्हे, फार तर ७ ग्रॅम पाणी नेणार!

हाच हिशेब जानेवारीतील दुपारसाठी केला (तापमान २९ अंश, आर्द्रता ३५ टक्के), तर सुमारे ५ ग्रॅम मिळतात. जुलैमध्ये तापमान २७ अंश आणि आर्द्रता ८२ टक्के धरली, तर जेमतेम १ ग्रॅम. तीन मीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी खोली घ्या. तिच्यात २७ घनमीटर हवा असते. आपली १ किलो मेथी वाळवायला एप्रिलमध्ये अशा साडेचार खोल्यांतील हवा पुरेल, जानेवारीत सहा खोल्यांतील आणि जुलैमध्ये पंचवीसहून अधिक खोल्यांतील. हेही पानांवरून गेलेला हवेचा प्रत्येक कण पूर्ण संपृक्त होऊन गेला असे धरून. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट हवा लागते. बंद खोलीत पाला पसरून दार लावून घेणे किती व्यर्थ आहे, हे यावरून दिसेल.

तेव्हा जानेवारी आणि एप्रिल यांत फार मोठे अंतर नाही. ज्या दिवसांत मेथी स्वस्त, त्याच दिवसांत हवाही कोरडी, हा आपल्या पठाराचा मोठा फायदा आहे. तो आपण पुरेसा घेत नाही असे मला वाटते. एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. हिवाळ्याच्या रात्री तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते, तेव्हा तीच हवा पहाटेपर्यंत जवळजवळ संपृक्त होते. दिवसभर वाळलेले पान उघड्यावर राहिले तर रात्री पुन्हा ओलावा शोषते. म्हणून सूर्यास्तापूर्वी वाळवण घरात आणावे.

किती वाळले म्हणजे पुरे?

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. पान कितीही वेळ ठेवले तरी ते पूर्ण कोरडे होत नाही. भोवतालच्या हवेशी त्याचा समतोल साधला की पाणी जाणे थांबते. जुलैच्या हवेत पंचवीस काय, हजार खोल्यांची हवा पानावरून गेली तरी ते कुरकुरीत होणार नाही.

बुरशी आणि जिवाणू यांच्या दृष्टीने पानात पाणी किती टक्के आहे यापेक्षा ते किती मोकळे आहे याला महत्त्व असते. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना स्पष्ट मांडली. पदार्थ बंद बरणीत ठेवला असता आतील हवेची सापेक्ष आर्द्रता जिथे स्थिर होते, तो आकडा म्हणजेच त्या पदार्थाच्या जल-सक्रियतेचे माप. शुद्ध पाण्यासाठी तो १००. बहुतेक जिवाणूंना ९० च्या वर लागतो. बुरशी अधिक चिवट. काही जाती ७० च्या खालीही वाढतात. पण सुमारे ६० च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. याचा अर्थ असा नव्हे, की तो मरतो. तो वाट पाहत पडून राहतो. म्हणून वाळवण्यापूर्वी पाला स्वच्छ धुणे आवश्यक आहे, आणि वाळलेल्या पाल्याच्या बरणीत ओला चमचा घालणे धोक्याचे.

बुरशीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ‘पेनिसिलियम’ कुळातील बुरशी दमट मसाल्यांवर आणि शिळ्या भाकरीवर नेहमी आढळते. याच कुळातील एका जातीपासून पेनिसिलीन तयार करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरीत ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ ही संस्था स्थापन झाली. गंमत अशी, की पेनिसिलीनसुद्धा पाण्यात विरघळलेल्या स्थितीत फार दिवस टिकत नाही. म्हणून इंजेक्शनच्या कुपीत कोरडी पूड भरतात आणि ऐन वेळी डॉक्टर त्यात पाणी मिसळतात. पाणी काढून घेतले की रासायनिक क्रिया मंदावतात, हे तत्त्व औषधाला आणि मेथीला सारखेच लागू आहे. पण म्हणून बरणीतली बुरशी औषधी समजू नये! तिच्या शेजारी विषारी द्रव्ये तयार करणाऱ्या बुरशीही असू शकतात, आणि नुसत्या डोळ्यांनी त्या ओळखता येत नाहीत. बुरशीचा वास येणारा पाला वरचेवर निवडून वापरू नये, सगळाच टाकावा.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग. बाजारात लहान आर्द्रतामापी स्वस्तात मिळतात, पण त्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. एका वाटीत मीठ घेऊन ते जेमतेम भिजेल इतकेच पाणी घाला. हे संपृक्त द्रावण आणि आर्द्रतामापी एका बंद बरणीत चोवीस तास ठेवा. आतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. तुमच्या मापीने ७९ दाखवले तर तो ४ ने जास्त दाखवतो असे समजा. आता मीठ काढा, बरणी कोरडी करा, तिच्यात वाळवलेली मेथी तीन-चतुर्थांश भरा आणि मापी आत ठेवून पुन्हा एक दिवस थांबा. दुरुस्त केलेला आकडा ५० च्या खाली आला तर पाला निर्धास्त भरून ठेवावा. ६० च्या वर आला तर पुन्हा वाळवावा. घरी मापी नसेल तर हाताची परीक्षा: पान चुरगळताच चुरा झाला पाहिजे आणि जाड देठ वाकवताच कट्‌कन मोडला पाहिजे. देठ लवचीक असेल तर आत पाणी आहे. म्हणूनच मेथी वाळवताना देठ आधीच खुडून टाकतात.

पाने धुऊन पंचावर निथळू द्यावीत आणि सुती कापडावर एकेरी थरात पसरावीत. वरून दुसरे पातळ कापड घालावे. आपल्या पट्ट्यात रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ इतकी असते, की उघडे वाळवण संध्याकाळपर्यंत राखी दिसू लागते. गच्ची नसेल तर खोलीत पंख्याखाली खिडकी उघडी ठेवूनही काम होते. पानाला चिकटून दमट हवेचा एक पातळ थर असतो. तो दूर करणे हेच पंख्याचे काम. थेट ऊन टाळण्याचे कारण वेगळे आहे. प्रकाश आणि उष्णता यांमुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. कॅरोटीनही नष्ट होते. क जीवनसत्त्व मात्र सावलीत वाळवूनही बहुतांश जाते. लोह आणि चुना हे उडणारे पदार्थ नाहीत, ते राहतात.

पावसाळ्यातच वाळवायची वेळ आली तर? तेव्हा हवा गरम करण्याशिवाय गत्यंतर नाही. २७ अंशांची, ८२ टक्के आर्द्रतेची हवा ४२ अंशांपर्यंत तापवली तर तिच्यातील बाष्प तेवढेच राहते, पण मावण्याची क्षमता वाढल्याने सापेक्ष आर्द्रता सुमारे ३६ टक्क्यांवर येते. म्हणजे जुलैच्या हवेची जानेवारीची हवा झाली. सौर शुष्कक नावाच्या पेटीत हेच करतात: काळ्या पत्र्यावर हवा तापते, हलकी होऊन वर चढते आणि जाळीवर पसरलेल्या पाल्यातून निघून जाते. पेटीला वर भोक ठेवायला विसरलात तर मात्र पाला वाळणार नाही, उकडेल.

कोथिंबिरीचे दुखणे

मेथीला लागू पडलेले हे सारे नियम कोथिंबिरीलाही लागू पडतात. ती वाळतेही छान. पण वाळलेली कोथिंबीर हुंगून पाहा: कडब्यासारखा वास येतो. असे का व्हावे?

कोथिंबिरीच्या पानाचा वास मुख्यतः आल्डिहाइड गटातील संयुगांचा असतो. ही संयुगे सहज उडतात आणि ऑक्सिजनशी सहज संयोग पावतात. पाणी जाता जाता तीही जातात. मेथीचा वास आणि कडवटपणा यांची मदार निराळ्या पदार्थांवर असल्याने ती वाळूनही आपली ओळख टिकवते. तिची भावंड असलेली कसुरी मेथी तर वाळवूनच विकली जाते. आज पाकिस्तानात असलेल्या कसूर शहरावरून तिला हे नाव मिळाले आणि भारतात ती मुख्यतः राजस्थानातील नागौर भागात पिकते. पुदिनाही बऱ्यापैकी टिकतो. त्याचे तेल पानावरील सूक्ष्म ग्रंथींत असते, म्हणून वाळलेला पुदिना भरताना चुरू नये, ऐन वेळी चुरावा. कढीलिंब लिंबाच्याच कुळातला आहे. त्याचे पान उजेडासमोर धरले तर बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या पानाच्या आत असतात. सावकाश, सावलीत वाळवला तर त्याचा वास बराचसा राहतो.

कोथिंबिरीच्या झाडाने स्वतःच्या रक्षणाची सोय वेगळ्या रीतीने केली आहे. तिच्या बियांत, म्हणजे धण्यांत, लिनालूल नावाचे सुगंधी तेल कठीण आवरणात बंद असते, त्यामुळे धणे वर्षभर टिकतात. पण धण्याचा वास पानाचा नव्हे. भेळेवर धणेपूड भुरभुरून काम भागत नाही!

तेव्हा कोथिंबीर वाळवू नये. ती ताजी टिकवावी किंवा लगेच वापरून टाकावी. खुडलेले पान जिवंत असते. ते श्वसन करीत असते. तापमान १० अंशांनी उतरले तर श्वसनाचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणून शीतकपाटात जुडी टिकते. पण ओली जुडी प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवली तर दवबिंदू गाठला जाऊन आत थेंब जमतात आणि दोन दिवसांत पाला सडतो. पाणी पूर्ण निथळू द्यावे, सडकी पाने काढावीत आणि कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवावी. फडके जादा थेंब टिपते आणि डबा पाने कोमेजू देत नाही.

याहून अधिक दिवसांसाठी बर्फाच्या कप्प्याचा उपयोग करावा. बारीक चिरलेली कोथिंबीर बर्फाच्या साच्यात भरून, थोडे पाणी घालून गोठवली की वड्या तयार होतात. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि बर्फाचे स्फटिक पेशीभित्तिका फोडतात. त्यामुळे वितळल्यावर पाला लिबलिबीत होतो. पोह्यांवर तो शोभत नाही, पण आमटीत चालतो, कारण वास शिल्लक असतो. कारखान्यांत याच्याही पुढे जातात. गोठवलेला पाला निर्वातात ठेवला की बर्फाचे पाणी न होता एकदम बाष्प होते. या संप्लवनाने सुकवलेली कोथिंबीर घरी वाळवलेलीपेक्षा पुष्कळ चांगली असते, पण यंत्रे महाग.

दुसरी वाट स्वयंपाकघराची आहे आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा तुमची आई चांगली सांगेल. भाव उतरला की घरोघरी कोथिंबीर वडी होते; एका वडीच्या उंड्यात दोन-तीन जुड्या सहज जिरतात. हिरव्या चटणीत लिंबू पिळतात ते चवीसाठी खरे, पण आम्लतेमुळे तिची नासाडीही थोडी लांबते. तरीही ती शीतकपाटातच ठेवावी.

एक धोका येथे मुद्दाम सांगितला पाहिजे. ताजा पाला वाटून तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवण्याची सूचना हल्ली अनेक जण देतात. तेलाने हवा बंद होते म्हणून पाला टिकेल, असा त्यामागे तर्क असतो. परंतु ‘क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम’ हा मातीतला जिवाणू नेमका ऑक्सिजनच्या अभावीच वाढतो, आणि त्याचे विष अत्यंत घातक असते. तेलाखालच्या ताज्या पानात पाणी असते, आम्ल नसते, हवा नसते. त्याला हवे ते सारे तेथे मिळते, आणि विष तयार झाले तरी वास बदलेलच असे नाही. कढीलिंबाची कोरडी चटणी याहून निराळी. तीत पाने कुरकुरीत होईपर्यंत परतलेली असतात, म्हणजे पाणी आधीच गेलेले असते. ताज्या पाल्याचे तेल करायचेच असेल तर ते शीतकपाटात ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

आता तुमच्यासाठी काही उदाहरणे. १ किलो कढीलिंबाची पाने ८ टक्के पाण्यापर्यंत वाळवली तर किती ग्रॅम उरतील? त्यासाठी जानेवारीतील किती खोल्यांची हवा लागेल? आणि मेथीपेक्षा पाणी इतके कमी असूनही कढीलिंबाचे पान वाळायला जास्त दिवस का घेते? तिसऱ्या प्रश्नासाठी दोन्ही पाने बोटांनी चोळून पाहा आणि प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब टाकून तो पसरतो की गोळा होऊन राहतो, याचे निरीक्षण करा.